सेकंड लाइफमध्ये महेश्वरी साड्यांचं दुकान टाकायचंय, आधी जागा घेऊ का माल बनवू?

बुगडी_किनार

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, रामबागेत राहते, टेक्स्टाइल डिझाइनची फ्रीलान्स कामं करते. आई महेश्वरच्या विणकरांकडून साड्या आणून ओळखीपाळखीत विकते, त्यामुळे किनार, पदर, बुगडी हे सगळं घरातच बघत मोठी झाले.

सध्या सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात जातेय आणि तिथली कपड्यांची दुकानं बघून डोक्यात एकच घोळतंय. लोक आपल्या अवतारासाठी, म्हणजे तिथल्या आपल्या डिजिटल रूपासाठी, गाऊन, बूट, केस चक्क पैसे देऊन घेतात. साड्याही आहेत, पण मी बघितल्या त्यातल्या बहुतेकांचा पदर पाठीला चिकटवल्यासारखा आणि किनार म्हणजे नुसती सोनेरी पट्टी. महेश्वरची किनार अशी नसते हो! किल्ल्याच्या दगडी कोरीवकामावरून घेतलेली नक्षी असते, चटई, वीट, हिरा, आणि दोन्ही बाजूंनी नेसता येईल अशी बुगडी. ते तिथे कुणीतरी नीट करायला हवं असं मनापासून वाटतं, आणि मला ते येतं.

तर विचारायचं असं की पंचवीस हजार बाजूला काढलेत, त्यात आधी जागा घेऊन छान दुकान बांधू का आधी माल बनवू? ब्लेंडर (थ्रीडी वस्तू बनवायचं सॉफ्टवेअर) मला कामचलाऊ येतं, फोटोशॉप चांगलं येतं. आणि पैसे आपल्या बँकेत येतात का खरंच? बाबा म्हणतात ते मेटाव्हर्स, म्हणजे आभासी जगं, वगैरे कधीच बसलं, आता कशाला त्यात पडतेस. कुणी इंदूरचं किंवा आसपासचं यात काम करत असेल तर प्लीज सांगा.

ब्लेंडरवाली_ताई

जागा आधी अजिबात घेऊ नकोस गं. नवीन माणूस तिथेच अडकतो, जमीन घेतो, दुकान सजवतो, फर्निचर ठेवतो आणि शेल्फवर चारच वस्तू. भाडं तर दर आठवड्याला सुरूच. सुरुवातीला मार्केटप्लेसवर माल टाक, ते वेबसाइटवरचं दुकान आहे, त्याला जमीन लागत नाही, विकलं गेलं की कमिशन कापून बाकीचे लिंडन (तिथलं चलन) तुझ्या खात्यात जमा. दहा-बारा चांगल्या साड्या झाल्या की मग एखाद्या मॉलमध्ये छोटा गाळा भाड्याने घे.

आता मालाचं. तू म्हणतेस ब्लेंडर कामचलाऊ येतं, तर पहिल्या दिवशी साडीचं मेश, म्हणजे थ्रीडी आकार, स्वतः बनवायला बसू नकोस. फुल पर्म (सगळ्या परमिशन उघड्या असलेले) टेम्प्लेट विकत मिळतात, म्हणजे दुसऱ्याने मेश बनवून, रिग करून (अवताराबरोबर हलेल असं जोडून) ठेवलेलं असतं आणि आपण त्यावर आपलं टेक्श्चर, म्हणजे नक्षीचं चित्र, चढवून विकायचं. फक्त लायसन्स शेवटच्या ओळीपर्यंत वाच, कारण बहुतेक ठिकाणी ते तसंच फुल पर्म पुढे विकायला बंदी असते, तुला गिऱ्हाइकाला देताना परमिशन बंद करूनच द्यावं लागतं.

आणि इथेच तुझं कौशल्य कामी येईल बघ. सहावारी साडी धर साडेपाच मीटर. एक टेक्श्चर धर १०२४ पिक्सेलचं. अख्खी साडी त्या एकाच टेक्श्चरवर बसवली तर एका पिक्सेलला पाच मिलिमीटरच्या वर कापड येतं, त्यात विटेची नक्षी कशी दिसणार? धूसर सोनेरी पट्टीच दिसणार, तू बघितलीस ना तशीच. म्हणून अंग, किनार आणि पदर वेगळे ठेवायचे. एका मेशला आठ फेस (वेगळं टेक्श्चर लावता येणारे भाग) देता येतात, तर किनारीचा वेगळा फेस असलेलं टेम्प्लेट शोध आणि किनारीचा फक्त एक रिपीट काढ, हातभर नाही, वीतभर, आणि तो टाइल कर, म्हणजे तोच तुकडा सलग पुन्हापुन्हा लाव. मग जवळून बघितलं तरी धागा दिसतो. जरीसाठी आता पीबीआर आहे, म्हणजे कुठे किती चकाकावं तेही ठरवता येतं, मेटॅलिक मॅप (धातूची चमक कुठे ते सांगणारं चित्र) फक्त जरीच्या धाग्यांनाच दे, मधलं सूत मॅट ठेव. सगळीच किनार चमकवली की प्लास्टिक वाटतं.

अजून एक, टेस्टिंग सगळं बीटा ग्रिडवर, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या सर्व्हरवर, कर. मुख्य ग्रिडचं नाव अग्नी, बीटाचं अदिती. अदितीवर अपलोडला खरे पैसे जात नाहीत. अग्नीवर साधं १०२४ चं टेक्श्चर चढवायला १० लिंडन लागतात, तसे कमीच, पण एका किनारीचे वीस-वीस प्रयोग होतात ना आपले.

राजेंद्रनगरकर

ताई बरोबर बोलतायत. मी जागेच्या बाजूचं सांगतो, कारण मी बरीच वर्षं तिथे छोटे प्लॉट भाड्याने देतोय.

आधी बाबांच्या प्रश्नाचं, कारण तो प्रश्न चुकीचा नाहीच. फेसबुकने ऑक्टोबर २०२१ मध्ये नाव बदलून मेटा केलं आणि त्या वेळी जो गाजावाजा झाला, त्यात लोकांनी डिसेंट्रालँडसारख्या आभासी जगात जमिनीचे सोळा बाय सोळा मीटरचे तुकडे क्रिप्टोत भलत्या भावाला घेतले. तो भाव नंतर कोसळला, आणि ज्यांनी फक्त भाव वाढेल म्हणून घेतलं होतं ते अडकले. बाबा ते म्हणत असणार. सेकंड लाइफ त्याच्या कितीतरी आधीचं आहे, २००३ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने सुरू केलं, अजून चालू आहे, आणि त्याच वर्षी त्यांनी ठरवलं की तिथे जो जे बनवेल त्याचे हक्क बनवणाऱ्याकडे राहतील. माझ्या मते आजपर्यंत ते टिकलं त्याचं मोठं कारण हेच आहे, कारण लोक तिथे स्वतःची वस्तू विकायला येतात.

जागेवर पैसे झालेले लोकही आहेत, नाही असं नाही. अँशी चंग नावाच्या अवताराची बाई २००६ मध्ये बिझनेसवीकच्या कव्हरवर होती, तिने जमिनी घेऊन, तुकडे पाडून, भाड्याने देऊन ते साम्राज्य उभं केलं. पण तेव्हा गर्दी वाढत होती आणि जमीन कमी पडत होती. आज ते गणित तसं नाही, आज भाड्याने जागा मुबलक मिळते, त्यामुळे त्यात पंचवीस हजार घालून काही हाती लागणार नाही.

आणि तिथे कुणी म्हणालं की लिंडन माझ्याकडे ठेवा, व्याज देतो, तर त्याच्याकडे बघूही नकोस. २००७ मध्ये गिंको फायनान्शियल नावाची अवतारांची बँक होती. त्या वर्षी जुलैत कंपनीने जुगार बंद केला, लोक पैसे काढायला धावले आणि ती बँक बसली, ठेवी गेल्या. पुढे जानेवारी २००८ पासून खरं लायसन्स नसलेल्या बँकांना बंदीच आली. एवढं होऊनही कुणी ना कुणी नवीन स्कीम घेऊन भेटतंच.

सुदामानगर_गेमर

दीदी रोब्लॉक्स या गेमच्या प्लॅटफॉर्मवर का नाही करत? तिकडे पब्लिक खूप जास्त आहे, माझा चुलत भाऊ शर्ट बनवून टाकतो आणि तिथलं बनवायचं सॉफ्टवेअर, स्टुडिओ, फुकट आहे.

ब्लेंडरवाली_ताई

रोब्लॉक्स वाईट नाही, पण तिथलं गिऱ्हाईक वयाने लहान आहे, आणि तिथून पैसे काढायला कमीत कमी ३०,००० कमावलेले रोबक्स (तिथलं चलन) जमावे लागतात, विकत घेतलेले त्यात धरत नाहीत. शिवाय ठोकळ्यासारख्या अंगावर साडीची चुणी काय दिसणार रे. हिचा सगळा जीव त्या नक्षीत आहे, तिला ती बारकाईने बघणारं गिऱ्हाईक हवं.

बुगडी_किनार

बापरे, एवढं सगळं सांगितलंत, खूप खूप आभार. टाइलचं गणित वाचून मी लगेच कागद घेऊन बसले, एक रिपीट म्हणजे हिरा आणि त्याच्या दोन्ही बाजूच्या बारीक रेघा एवढंच काढायचं ठरवलंय. पदरावर आमच्याकडे पाच पट्टे असतात, तीन रंगीत दोन पांढरे, ते मात्र अख्खे एका टेक्श्चरवर घेईन.

तीन गोष्टी अजून. एक म्हणजे नऊवारी करता येईल का? तिथे मला एकही धड नऊवारी दिसली नाही. आणि भाव किती ठेवू? आई म्हणते कमी ठेव म्हणजे खपेल. आणि कुणी डिझाइन चोरलं तर?

ब्लेंडरवाली_ताई

नऊवारी जरूर कर! लोकांना वाटतं नऊवारी अवघड, पण रिगिंगला ती सहावारीपेक्षा सोपी जाते. सहावारी खालून घागऱ्यासारखी असते, अवतार बसला की दोन पायांच्या मधलं कापड ताणलं जातं, चुण्या फाटल्यासारख्या दिसतात. नऊवारीला कासोटा असल्यामुळे कापड दोन्ही पायांना वेगवेगळं धरून असतं, सलवारीसारखं वेट पेंट (कापड कोणत्या अवयवाबरोबर हलेल ते ठरवणं) होतं, अवतार नाचला, बसला, घोड्यावर चढला तरी बिघडत नाही. पण हिचं तयार टेम्प्लेट मिळणं कठीण, ती तुला स्वतःच शिकून करावी लागेल, म्हणून दुसऱ्या टप्प्यात घे. मेश अपलोड करायला खात्यात पेमेंटची माहिती भरलेली लागते आणि कॉपीराइटवरची एक छोटी परीक्षा द्यावी लागते, तेवढं आताच उरकून ठेव.

आणि बॉडी. तिथे जवळजवळ प्रत्येक बाई वेगवेगळ्या कंपनीची मेश बॉडी (अवताराचं तयार शरीर) घालते, लारा, लेगसी, रिबॉर्न अशा, आणि एका बॉडीची साडी दुसरीला बसत नाही, पोट बाहेर येतं. प्रत्येक बॉडीचं डेव्हलपर किट (त्या बॉडीवर कपडे बसवायच्या फाइली) मागवावं लागतं. आधी दोनच बॉडी धर. आणि डेमो फुकट ठेवच ठेव, डेमोशिवाय कुणी कपडा घेत नाही.

चोरीचं म्हणशील तर भीती खरी आहे. २००६ मध्ये कॉपीबॉट हे दुसऱ्याच्या वस्तूची नक्कल करणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा कितीतरी दुकानदारांनी निषेध म्हणून दुकानं बंद ठेवली होती. आजही कुणी उचललं तर कंपनीकडे कॉपीराइटची तक्रार करता येते, त्यासाठी तुझ्या मूळ लेयरच्या फाइली, तारखेसकट, जपून ठेव. आणि ही बाजू तुलाही लागू आहे हं. किल्ल्यावरची जुनी नक्षी सगळ्यांची, पण एखाद्या विणकराने स्वतः जुळवलेली नवीन किनार फोटो काढून स्कॅन करून टाकायची नाही. आईच्या ओळखीचे आहेत ना ते, विचारून घ्या, त्यांचं नाव साडीच्या माहितीत लिहा, जमलं तर विक्रीतला वाटा द्या.

हिशेबी_काका

बेटा, मी इंदूरचाच, हिशेबाची कामं करतो. भावाचं गणित मांडून दाखवतो म्हणजे आईलाही दाखवता येईल. एका डॉलरला साधारण २५० लिंडन धर. साडीचा भाव ३०० लिंडन ठेवलास तर एक साडी म्हणजे एक डॉलर वीस सेंट. डॉलर ८५ रुपये धरला तर एका साडीमागे १०२ रुपये. महिन्याला दहा हजार हवे असतील तर साधारण ९८ साड्या विकल्या पाहिजेत, आणि मार्केटप्लेसचं कमिशन, पैसे काढायचं शुल्क, रुपयात बदलताना जाणारे पैसे धरले तर शंभराच्या बऱ्याच वर. म्हणून भाव पाडू नकोस. इथे एकदा बनवलेली साडी पुन्हा विणावी लागत नाही हे खरं, पण नवीन दुकानाला महिन्याला शंभर गिऱ्हाइकं ही मोठी गोष्ट आहे. एकच साडी पाच रंगांत आणि पाचही रंगांचा एक पॅक जास्त भावाला, असं ठेव, त्याने एका गिऱ्हाइकामागची रक्कम वाढते. पहिलं वर्ष हे वरकमाई म्हणूनच धर, फ्रीलान्स काम सोडू नकोस.

पैसे येतात, हो. लिंडन त्यांच्याच एक्स्चेंजवर विकून डॉलर करायचे, ओळखपत्र तपासून झालं की ते पेपॅल या ऑनलाइन पैसे घेण्या-देण्याच्या सेवेवर घ्यायचे, आणि पेपॅल भारतातल्या खात्यावर आलेले परदेशी पैसे आपोआप तुझ्या बँकेत पाठवतं. त्यासाठी पॅन लागतो आणि परपज कोड (पैसे कशाचे आले ते सांगणारा) निवडावा लागतो. पॅनवरचं, बँकेतलं आणि पेपॅलवरचं नाव एकसारखं ठेव, माझ्याकडे येणारी अर्धी अडचण या स्पेलिंगचीच असते. परदेशातून पैसे आल्याची जी पावती मिळते ती दर महिन्याला उतरवून ठेव.

जीएसटीचं म्हणशील तर सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, फ्रीलान्सची रक्कमही त्यातच मोजायची. आयकरात मात्र पहिल्या रुपयापासून धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखव, आणि टेम्प्लेट, सॉफ्टवेअर, किट यांची बिलं ठेव, ती खर्चात जातात. डिसेंट्रालँडसारख्या क्रिप्टोच्या ठिकाणी गेलीस तर गोष्ट वेगळी, तिथे २०२२ पासून नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे आणि तोटा दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही. तिकडे जाऊ नकोस.

राजेंद्रनगरकर

एक राहिलं. सेकंड लाइफचं घड्याळ कॅलिफोर्नियाचं आहे. तिकडचे संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसात, आणि हिवाळ्यात साडेआठ. गिऱ्हाईक तेव्हा दुकानात असतं, विचारतं की ही साडी अमक्या बॉडीला बसेल का, आणि त्याच मिनिटाला उत्तर मिळालं तर घेतं. रात्री जागायची गरज नाही, सकाळचे दोन तास लॉग इन राहा.

गाळा घ्यायची वेळ आली की मला सांग, माझ्या प्लॉटवर एक कोपरा आहे, पहिला महिना भाडं नको.

बुगडी_किनार

काका, तुमचं गणित आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली मग साडेतीनशे ठेव, आणि आमच्या विणकर काकांना ती स्वतः विचारणार आहे. ताई, दोन फेस वेगळे असलेलं एक टेम्प्लेट सापडलंय, लायसन्स वाचतेय, त्यात एका ठिकाणी लिहिलंय की मार्केटप्लेसवर ठरावीक किमतीच्या खाली विकायचं नाही, असं असतं का नेहमी?

ब्लेंडरवाली_ताई

हो, असतं पुष्कळ ठिकाणी, आणि तुला ते बरंच आहे, कारण तेच टेम्प्लेट घेतलेला दुसरा कुणी भाव पाडू शकत नाही. पण ती किंमत साडेतीनशेच्या वर असेल तर ते घेऊ नकोस, दुसरं शोध. टेम्प्लेटची लिंक मला मेसेज कर, मी चुण्या आणि किनारीचा यूव्ही (मेश सपाट करून टेक्श्चर बसवायचा नकाशा) कसा उलगडलाय ते बघून सांगते. किनार सरळ पट्टीत उलगडलेली नसेल तर तुझा हिरा प्रत्येक चुणीवर वाकडा दिसेल, मग ते फुकट मिळालं तरी उपयोगाचं नाही.