लघुरेल्वे: आधी मोजावे की चालवून पाहावे?

लोहमार्ग (धागाकर्ता):
लघुरेल्वेचा, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतीचा, एचओ प्रमाणातला (१:८७ आकाराचा) कोणताही नवा डबा मोजल्याशिवाय रुळावर ठेवू नये आणि कोणताही पॉइंट (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारा रुळांचा भाग) मोजल्याशिवाय प्लायवूडवर पक्का करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिमी भरले की बहुतेकांचे समाधान होते. परंतु गाडी घसरते ती बहुधा पॉइंटच्या क्रॉसिंगवर, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, आणि तिथे निर्णायक ठरतात ती दुसरीच दोन मापे. पहिले म्हणजे जोडचाकांच्या, म्हणजे एकाच आसावरच्या दोन चाकांच्या, आतल्या बाजूंमधले अंतर, ज्याला आपण बॅक-टू-बॅक म्हणतो. दुसरे म्हणजे चेक रेल (क्रॉसिंगसमोर चाकाला योग्य वाटेवर धरून ठेवणारा आखूड रूळ) आणि तिच्या शेजारचा रूळ यांमधली फट.

उदाहरण घ्या. बॅक-टू-बॅक १४.४ मिमी आणि चाकाची फ्लँज (रुळावरून घसरू न देणारी चाकाची कड) ०.७६ मिमी जाड असेल, तर बेरीज १५.१६ होते. चेक रेलची फट १.२५ असेल, तर १६.५ मधून ती वजा जाऊन चेक रेलपासून क्रॉसिंगच्या नाकापर्यंत, म्हणजे त्याच्या टोकदार भागापर्यंत, १५.२५ मिमी उरतात आणि फ्लँज नाकाला न शिवता पुढे जाते. हीच फट १.५ झाली की उरतात फक्त १५ मिमी. चाक निर्दोष आहे, गेजही बरोबर आहे, तरीही फ्लँज नाकावर आदळते. चेक रेलच्या शेजारच्या रुळाकडील अंगाला ०.२५ मिमीची प्लास्टिकची पट्टी चिकटवली की दोष जातो. पण मोजलेच नाही, तर बिचाऱ्या डब्याला दोष देत आपण त्याची चाके हलवत बसतो.

सावकाश गाडी:
हा आग्रह मला पटत नाही. तुमचा सगळा हिशोब ०.०९ मिमीच्या मोकळिकीवर उभा आहे, आणि घरातला साधा कॅलिपर किंचित तिरका धरला तरी तेवढा फरक सहज पडतो. त्यापेक्षा सर्वांत लांब गाडी उलटी ढकलत, अगदी हळू, प्रत्येक पॉइंटवरून दोन्ही दिशांनी न्यावी. जिथे चाक उचलले जाईल तिथेच मोजावे. शिवाय घसरण्याची कारणे उभ्या दिशेतही असतात: रुळांच्या सांध्यावरची पायरी, पावसाळ्यात फुगलेले प्लायवूड, हलके डबे. अमेरिकेतील एनएमआरए या संघटनेची शिफारस २० सेंटीमीटर लांबीच्या एचओ डब्याला साधारण १४० ग्रॅम वजन सांगते. वजन कमी असेल, तर तुमची अचूक मापे काय करणार?

ब्रॉडगेजप्रेमी:
मला मूळ रेल्वेची मापेच आधार वाटतात. आपल्या ब्रॉडगेजवर गेज १६७६ मिमी आणि चाकांच्या आतले अंतर १६०० मिमी असते. त्यांना ८७ ने भागावे, म्हणजे वादच उरत नाही.

लोहमार्ग:
ब्रॉडगेजप्रेमी, १६७६ ला ८७ ने भागल्यास १९.२६ मिमी येतात आणि आपण सारे तर १६.५ च्या रुळावर भारतीय गाड्या चालवतो. १४३५ मिमीचे स्टँडर्ड गेज घेतले तरी तिथले चाकांच्या आतले १३६० मिमी आपल्या प्रमाणात १५.६ होतात, १४.४ नव्हेत. आपली फ्लँज प्रमाणाच्या मानाने फारच जाड असते, म्हणून फटही रुंद ठेवावी लागते. मूळ मापांचा भागाकार इथे लागू पडत नाही.

सावकाश गाडी यांचा कॅलिपरवरचा आक्षेप मात्र योग्य आहे, आणि म्हणूनच आकडा वाचण्याऐवजी ‘बसते की बसत नाही’ एवढेच सांगणारी एनएमआरएची पत्र्याची मापपट्टी मी श्रेष्ठ मानतो. ती चाकांना लावताना आस थोडाथोडा फिरवून तीन जागी लावावी, कारण चाक आसावर वाकडे बसलेले असेल तर एका जागी ती बसते आणि दुसऱ्या जागी अडते. वजन, सांधे, प्लायवूड हे सारे महत्त्वाचे आहेच. पण नाकावर आदळणारे चाक वजन वाढवल्याने आदळायचे थांबत नाही, फक्त रुळावर टिकून राहते, आणि दोष झाकला जातो.

सावकाश गाडी:
मापपट्टी मान्य, आणि पॉइंट पक्का करण्यापूर्वी मोजावा हेही मान्य, कारण नंतर तो उखडावा लागतो. परंतु सुरळीत धावणाऱ्या डब्याची चाके केवळ पट्टी अडली म्हणून आसावर सरकवायला माझा विरोध कायम आहे. प्लास्टिकच्या बुशातले (आसावरच्या नळीतले) चाक एकदा सैल झाले की पुन्हा पक्के बसेलच असे नाही, आणि मग चालत्या गाडीत ते आपोआप सरकत राहते. असा डबा मी नोंद करून बाजूला ठेवीन आणि त्याला नवे जोडचाक मिळेपर्यंत पॉइंट नसलेल्या मार्गावरच चालवीन.