'साधारण १७८०' म्हणून लिलावात आलेलं महोगनी चेस्ट ऑफ ड्रॉवर्स : अर्ध्या तासात काय तपासावं?

यॉर्ककर

इंग्लंडमधल्या यॉर्कजवळच्या एका लिलावात महोगनीचं चेस्ट ऑफ ड्रॉवर्स आहे. यादीतलं वर्णन : 'जॉर्जियन, जॉर्ज तिसरा, साधारण १७८०'. वर दोन आखूड खण, खाली तीन लांब. रुंदी ९१ सेंमी, ब्रॅकेट पाय (कोपऱ्यात दोन फळ्या जोडून केलेले बुटके पाय), हंसमानेच्या आकाराच्या पितळी कड्या. कडीच्या दोन्ही टोकांना फक्त लहान गोल चकत्या आहेत, मागे सलग पत्रा नाही.

फोटोंत दिसतं ते असं : लांब खणांच्या तळाला मधोमध पट्टी आहे आणि तळाच्या फळ्यांची रेषा डावीकडून उजवीकडे जाते. दर्शनी फळीला आतून प्रत्येक कडीच्या मध्याशी एक मोठं बुजवलेलं भोक दिसतं, बाहेरून मात्र तिथे काहीच नाही. पाठीच्या फळ्या पाइनच्या, त्यातली एक नवी वाटते.

शनिवारी माल बघायला खुला आहे, अर्धा तास मिळेल. आधी काय बघू, सोबत काय नेऊ, आणि 'जॉर्जियन' या शब्दावर कितपत विसंबायचं?

रंधा

जॉर्जियन म्हणजे १७१४ ते १८३०, ओळीने चार जॉर्ज राजे. एवढ्या मोठ्या पट्ट्यात जवळपास काहीही बसतं, त्यामुळे त्या शब्दाला शून्य किंमत द्या. 'साधारण १७८०' हा दावा मात्र तपासता येतो.

सोबत टॉर्च, मोजपट्टी, भिंग आणि छोटा आरसा न्या. स्क्रूड्रायव्हर नेलात तरी विचारल्याशिवाय काही उघडू नका.

पहिली दहा मिनिटं त्या बुजवलेल्या भोकांना द्या, कारण तुमच्या वर्णनातली सगळ्यात बोलकी गोष्ट तीच आहे. लोंबत्या कडीला दोन बारीक भोकं लागतात. मध्यावर एकच मोठं भोक म्हणजे तिथे कधीतरी लाकडी गोल मूठ होती. त्या मुठी १८२० नंतर फार चालल्या, आणि जुन्या चेस्टच्या पितळी कड्या काढून त्या बसवणं ही व्हिक्टोरियन काळातली (१८३७ ते १९०१) नेहमीची गोष्ट. पुढे विसाव्या शतकात कोणीतरी परत पितळ लावलं. इथवर काही बिघडत नाही. पण मूठ फळीच्या आरपार बसते, म्हणजे बुच बाहेरूनही दिसायला हवा, आणि चकत्यांच्या कड्या मधला भाग झाकत नाहीत. टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका. रेषा जुळवून बसवलेला बुचसुद्धा अशा उजेडात गोल उमटतो. तरीही काही दिसलं नाही, तर दर्शनी बाजूला नंतर नवं व्हिनियर (चांगल्या लाकडाचा पातळ थर) चढवलंय असं समजा.

त्याची खात्री खणाच्या वरच्या कडेवर होते. अठराव्या शतकातलं व्हिनियर करवतीने कापलेलं, साधारण दीड मिमी जाड आणि थोडं कमीजास्त. सुरीने सोललेलं नंतरचं व्हिनियर कागदासारखं पातळ आणि एकसारखं असतं. खणाच्या कडेची अर्धगोल नक्षीपट्टीही बघा. व्हिनियर बदलताना ती काढावी लागते, आणि परत लावलेल्या पट्टीचे कोपरे सहसा फार स्वच्छ दिसतात.

मग खण बाहेर काढून उलटा करा. तळाची रेषा पुढून मागे असेल तर बहुधा १७३०-४० च्या आधीचं काम, डावीकडून उजवीकडे असेल तर नंतरचं. रुंद खणाला मधली पट्टी १७७० नंतर जास्त दिसते. या दोन्ही खुणा तुमच्या १७८० शी जुळतात. पण त्यांनी फक्त खणांचं वय कळलं, सांगाड्याचं नाही.

सांगाड्यासाठी आत हात घालून खण ज्यावर सरकतात त्या पट्ट्या चाचपा. खणाच्या बाजूची झीज आणि खालच्या पट्टीवरची खाच एकमेकांना जुळली पाहिजे. खण झिजलाय आणि पट्टी कोरी आहे, तर पट्टी बदललेली असेल. ती दुरुस्ती आहे, फसवणूक नाही. पाचही खणांबाबत तसंच असेल, तर मात्र ते खण दुसऱ्याच सांगाड्यातून आले आहेत का, हे विचारा.

आणखी एक खूण नकली कामात क्वचितच सापडते. सांगाड्याच्या बाजूंची रेषा उभी असते, म्हणून लाकूड आकसतं तेव्हा चेस्टची खोली कमी होते. खणाच्या बाजूंची रेषा पुढून मागे, त्यामुळे त्यांची लांबी कमी होत नाही. परिणाम असा की खरं जुनं चेस्ट पूर्ण बंद केलं की खण दोन-तीन मिमी पुढे राहतात, किंवा खण थांबवणारे आतले अडसर मागे सरकवलेले किंवा काढलेले दिसतात. बाजूच्या फळीला उभी चीर असते तीही याचमुळे, आत आडव्या ठोकलेल्या पट्ट्या तिला आकसू देत नाहीत. चीर बघून घाबरू नका. दोनशे वर्षांच्या सलग फळीला एकही चीर नसेल तर जास्त बारकाईने बघा.

अक्रोडपान

लाकडाचा क्रम लक्षात असला तर यादीतल्या अर्ध्या थापा तिथेच कळतात. १६६० पर्यंत राज्य ओकचं : जाड चौकट, त्यात बसवलेलं पॅनल, सांध्यात लाकडी खुंट्या. तेव्हाचे खण बाजूच्या खाचेत अडकवलेले असत. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर परतला, त्याच्यामागून डच आणि फ्रेंच पद्धती आल्या आणि साध्या लाकडावर अक्रोडाचं व्हिनियर सुरू झालं. १७०९ च्या हिवाळ्याने युरोपातली अक्रोडाची झाडं मारली, १७२० मध्ये फ्रान्सने निर्यात थांबवली. लगेच १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतल्या वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरची जकात काढली, आणि जमैकाची महोगनी स्वस्तात येऊ लागली. सुरुवातीची महोगनी गडद, जड, घट्ट. होंडुरासची नंतर वाढली, ती हलकी आणि फिकट.

म्हणून 'महोगनी, १७००' असं लिहिलेलं दिसलं तर पुढे वाचू नका. १७८० ला अडचण नाही.

नमुन्यांच्या नावांनीही फसू नका. तिघे इंग्लिश फर्निचर-कारागीर : चिपेंडेलचे नमुने १७५४ मध्ये छापून आले, हेपलव्हाइटचे त्याच्या मृत्यूनंतर १७८८ मध्ये, शेरेटनचे १७९१ पासून. गावोगावचे सुतार ते बघून वस्तू करत. शतकभराने, व्हिक्टोरियन काळाच्या उत्तरार्धात, तीच फॅशन परत आली आणि त्याच आकाराच्या ढीगभर वस्तू बनल्या. 'चिपेंडेल खुर्ची' हे बहुतेक वेळा आकाराचं नाव असतं, त्याच्या कारखान्यातून ती आली असा त्याचा अर्थ नाही.

काटकोन

रंधांनी रुंदीबद्दल काही लिहिलं नाही. ९१ सेंमी म्हणजे तीन फुटांच्या आत-बाहेर, आणि लहान चेस्टला भाव जास्त. त्यामुळे चार फुटी चेस्ट कापून लहान करण्याचा धंदा जुना आहे. कुलूप खणाच्या अगदी मध्यावर आहे का, कड्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का, ते मोजा. मग खणाच्या पुढच्या आणि मागच्या कोपऱ्यातले डव्हटेल (पारव्याच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे सांधे) एकाच हाताचे वाटतात का ते बघा. पुढे बारीक सुईसारखे आणि मागे जाड, नव्या रंगाचे, असं असेल तर खण कापलेला आहे.

दुसरा प्रकार दुमजली चेस्टचा. दोन भाग वेगळे करून दोन गिऱ्हाइकांना विकतात. खालच्या भागात बहुतेक फक्त लांब खण असतात आणि त्याला वरची फळी नव्याने बसवावी लागते. आखूड खण वरच्या भागात असतात, त्याला पाय नवे लागतात. तुमच्याकडे दोन आखूड आणि तीन लांब आहेत, म्हणजे एकतर मूळ एकमजली चेस्ट, नाहीतर वरचा मजला. वरचा मजला डोक्याहून उंच असायचा, त्यामुळे त्याच्या माथ्यावर कारागीर चांगलं लाकूड वाया घालवत नसे. आताची वरची फळी मागून आणि खालून बघा. रंग, जाडी, करवतीच्या खुणा बाजूंशी जुळत नसतील तर पाय तपासायचीही गरज नाही, ते नवेच असणार.

डव्हटेलबद्दल एक ऐकीव नियम फिरतो : एकसारखे असले तर मशीनचे. अर्धवट आहे. लंडनच्या चांगल्या कारखान्यांत हाताचे डव्हटेलही कमालीचे एकसारखे असत. खरा फरक अरुंद टोकात आहे. हाताने ते करवतीच्या पात्याइतकं बारीक करता येतं. मशीनच्या कटरला स्वतःची जाडी असते, तेवढी जागा त्याला लागतेच. शिवाय हातकामात आखणीची खोल रेघ राहून जाते.

रंधा

काटकोन, रुंदीचं बरोबर. पायांबद्दल मात्र थोडं सबुरीने. जमीन पुसताना पाणी लागून ब्रॅकेट पाय कुजतात, त्यामुळे अस्सल चेस्टचेही अनेकदा बदललेले असतात. त्याने भाव उतरतो, वय बदलत नाही.

तीन गोष्टी राहिल्या.

स्क्रू : हाताने घासलेल्या जुन्या स्क्रूचं टोक बोथट असतं आणि डोक्यावरची खाच मध्याला नसते. टोकदार, यंत्रावरचे स्क्रू इंग्लंडमध्ये १८५० च्या दशकात पसरले. नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांनी बर्मिंगहॅमला अमेरिकन पेटंट आणलं ते १८५४ मध्ये.

करवतीच्या खुणा पाठीच्या फळ्यांवर बघा. सरळ आणि वेड्यावाकड्या असतील तर हातकरवत, कमानीसारख्या असतील तर गोल करवत, म्हणजे एकोणिसावं शतक. एकच फळी नवी असेल तर ती बदलली एवढंच.

आणि किडा. बाहेर पडायची भोकं गोल, दीड-दोन मिमीची असतात. पृष्ठभागावर उघडी, आडवी नळी दिसली तर किडा खाऊन गेल्यानंतर ते लाकूड कापलंय, म्हणजे जुन्या लाकडातून नवी वस्तू केली आहे. भोकाखाली फिकट पीठ सांडत असेल तर किडा जिवंत आहे. महोगनी तो सहसा सोडतो, पाइनच्या फळ्या पोखरतो.

पाठ आणि तळ कोरडे, मळकट तपकिरी असले पाहिजेत. जिथे कोणी बघणार नाही तिथे रंग लावलेला दिसला, तर का लावला ते विचारा. अठराव्या शतकात सामान भिंतीला लावूनच ठेवत, पाठीला रंगवायचं कारण नव्हतं.

यॉर्ककर

फार उपयोगी, आभार. एक जोडप्रश्न. चेस्ट ज्या घरात जाईल ते 'जॉर्जियन टेरेस' (एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं घर) म्हणून घेतलंय. खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या, प्रत्येक पाटात (सरकणाऱ्या चौकटीत) फक्त दोन काचा, आणि वरच्या पाटाच्या खालच्या कोपऱ्यांना शिंगासारखी टोकं. हे खरंच जॉर्जियन आहे?

अक्रोडपान

खिडक्या नाहीत. घर असू शकेल.

जॉर्जियन पाटात सहा-सहा लहान काचा आणि लाकडी पट्ट्या असतात. काच फुगवून, फिरवून थाळी करत आणि त्यातून तुकडे कापत, म्हणून तुकडा लहानच निघे. त्यात १७४५ पासून काचेवर वजनाप्रमाणे कर, त्यामुळे पातळ काच परवडे. चान्स बंधू या इंग्लिश काच-कारखानदारांनी १८३२ पासून नळकांड्याची (नळकांडं फुगवून, कापून सपाट केलेली) मोठी काच काढली, १८४५ मध्ये कर गेला, आणि मग दोन काचांचे पाट आले. मोठ्या काचेचं वजन आणि मधल्या पट्ट्यांचा आधार गेलेला, म्हणून कोपऱ्याचा सांधा मजबूत करायला शिंगं ठेवली. तुमच्या खिडक्या १८४५ नंतर कधीतरी बदलल्या असाव्यात.

घराचं वय चौकटीच्या जागेवरून बघा. लंडनमध्ये १७०९ च्या कायद्याने चौकट भिंतीच्या दर्शनी रेषेपासून चार इंच आत गेली, १७७४ च्या कायद्याने पाट तोलणाऱ्या वजनांची पेटी विटांच्या आड गेली आणि बाहेरून लाकडाची बारीक किनारच दिसू लागली. यॉर्कला हे कायदे लागू नव्हते, फॅशन म्हणून उशिरा पोचले. तिथे भिंतीशी सपाट चौकट दिसली म्हणून १७०९ च्या आधीचं घर असं म्हणू नका. बुजवलेली खिडकी दिसली की लोक लगेच खिडकी-कर सांगतात. कर होता खरा, १६९६ ते १८५१. पण कित्येक आंधळ्या खिडक्या दर्शनी समतोलासाठी मुळातच तशा बांधलेल्या आहेत.

गिरगावकर

चोरबाजारात 'व्हिक्टोरियन' म्हणून मिळणाऱ्या शिसवी वस्तूंना याच खुणा लागू पडतात का?

रंधा

बहुतेक नाही. त्यातल्या पुष्कळ मुंबईतच घडल्या, एकोणिसाव्या शतकात, इंग्लिश नमुन्यावर पण इथल्या सवयीने. पाइन वाळवीला आयतं खाद्य आणि पावसाळ्यात प्राणिज सरस मऊ पडून व्हिनियर सुटतं, म्हणून सलग शिसव किंवा सागवान आणि बैठकीला वेत. पाठ पाइनची नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. स्क्रू आणि करवतीच्या खुणा तेवढ्या बघा, पण तारखांना मोकळीक ठेवा, हातकाम इथे कितीतरी उशिरापर्यंत चाललं. शंभर वर्षांवरची वस्तू असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे ती देशाबाहेर नेता येत नाही, हे परदेशी पाठवायच्या विचारात असाल तर आधी बघा.

यॉर्ककर, किल्लीच्या भोकाभोवतीची चकती पांढरी असेल तर लिलाववाल्यांना नोंदणी विचारा. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून हस्तिदंत असलेली वस्तू नोंदणीशिवाय विकता येत नाही, आणि अशा चेस्टला नोंदणी ते १९४७ पूर्वीचं आणि घनफळाने १० टक्क्यांहून कमी हस्तिदंताचं असेल तर मिळते. भिंगाखाली बारीक काळे ठिपके किंवा रेघा दिसल्या तर ते हाड, त्याला नोंदणी लागत नाही. हस्तिदंतात एकमेकांना छेदणाऱ्या कमानी असतात, पण एवढ्याशा चकतीत त्या दिसतीलच असं नाही.