अमेरिकेतले फारसे माहीत नसलेले राजकारणी: कोणाबद्दल वाचावं? सुचवा प्लीज

नदीकाठ
नमस्कार मंडळी. माझ्या बाबांना चरित्रं वाचायचा प्रचंड नाद आहे, रिटायर्ड शिक्षक आहेत, आणि आता डोळ्यांना त्रास होतो म्हणून रोज संध्याकाळी मी वाचून दाखवते. लिंकन, रूझवेल्ट, केनेडी हे सगळं त्यांचं कधीच वाचून झालंय. परवा म्हणाले की राष्ट्राध्यक्षांचं पुरे झालं, तिथले साधे खासदार, जज, नगराध्यक्ष वगैरे कसे जगले ते बघू. मला पटलं, पण सुरुवात कोणापासून करायची कळत नाहीये. एकच अट आहे, ज्या एका गोष्टीसाठी माणूस थोडाफार माहीत असतो तेवढीच नको, त्याच्या आधी आणि नंतर काय झालं, हरल्यावर काय केलं, तेही मिळायला हवं. इंग्रजी चालेल. श्री ठाणेदारांचं मराठी आत्मचरित्र वाचलंय, बेळगावातलं बालपण बाबांना फार आवडलं होतं, आता ते मिशिगनमधून हाऊसवर (तिथल्या संसदेचं, म्हणजे काँग्रेसचं, खालचं सभागृह) आहेत हेही त्यांना माहितीये. तर त्याच्या मागे जाणारं काहीतरी सुचवा.

पारावरचा
ताई, मग दलीपसिंग सौंद घ्या, डोळे झाकून. अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेलेले पहिले भारतीय, पहिले आशियाईसुद्धा. जन्म १८९९, पंजाबातलं छज्जलवाडी. १९२० मध्ये अमेरिकेत गेले, बर्कलेला गणितात पीएचडी केली आणि मग काय तर इम्पीरियल व्हॅलीत कापूस वेचणाऱ्या टोळीवर मुकादम. कारण १९२३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं होतं की हिंदुस्थानी माणसाला नागरिकत्व मिळणार नाही, आणि कॅलिफोर्नियात अशा माणसाला शेतजमीन स्वतःच्या नावावर घेता येत नव्हती. पीएचडी झालेला माणूस वर्षानुवर्षं शेतीच करत राहिला, कधी पीक बुडालं कधी भाव पडला, आणि त्याच काळात भारतीयांना नागरिकत्व मिळावं म्हणून खटपट चालूच होती. १९४६ ला कायदा झाला, १९४९ ला नागरिक झाले.

पुढच्याच वर्षी वेस्टमोरलंड नावाच्या छोट्या गावात जजच्या निवडणुकीला उभे राहिले आणि निवडून आले, पण नागरिक होऊन वर्ष पुरं झालं नव्हतं म्हणून पद नाकारलं. १९५२ ला परत उभे राहिले, परत आले. आत्मचरित्रात तेव्हाची गोष्ट आहे, एकाने भर गावात विचारलं की डॉक्टर, तुम्ही जज झालात तर कोर्टात यायला पगड्या तुम्ही पुरवणार का आम्ही विकत घ्यायच्या? यांचं उत्तर असं की माणसाच्या डोक्यावर काय आहे याच्याशी मला देणंघेणं नाही, डोक्याच्या आत काय आहे तेवढंच मी बघतो. १९५६ ला हाऊसची निवडणूक जिंकली, समोर जॅकलिन कॉक्रन होती, त्या काळातली देशभर गाजलेली वैमानिक! तीन टर्म झाल्या, १९६२ मध्ये अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, आणि हॉस्पिटलात असतानाच ती निवडणूक हरले. १९७३ ला गेले. आत्मचरित्र १९६० चं आहे, ‘काँग्रेसमन फ्रॉम इंडिया’, म्हणजे शेवटचा वाईट काळ त्यात नाही, तो वेगळा शोधून वाचावा लागेल. पण भाषा एकदम सोपी आहे, मोठ्याने वाचायला छान.

रानवाटा
सौंद यांना +१. पण तुमची ती आधी-नंतरची अट वाचून मला लगेच रॉबर्ट स्मॉल्स आठवला. मी कित्येक जणांना सांगून झालंय त्याच्याबद्दल, सांगायचा कंटाळा येत नाही.

जन्म १८३९, साउथ कॅरोलायनातलं ब्यूफर्ट, जन्मतः गुलाम. यादवी युद्धात (गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं विरुद्ध उत्तर) चार्ल्सटन बंदरात ‘प्लँटर’ नावाच्या वाफेच्या बोटीवर सुकाणूवर असायचा, बोट दक्षिणेच्या सैन्याच्या कामाला. १३ मे १८६२ च्या पहाटे बोटीवरचे तिन्ही गोरे अधिकारी रात्री घरी गेलेले होते (जायला परवानगी नव्हती, तरी गेले) तेव्हा याने आणि बाकी गुलाम खलाशांनी बोट काढली. आधी दुसऱ्या धक्क्यावर जाऊन बायकामुलांना घेतलं. मग कॅप्टनची गवताची हॅट डोक्यावर घालून कॅप्टनसारखाच उभा राहिला आणि एकेका किल्ल्यासमोरून जाताना शिट्टीचा बरोबर इशारा देत गेला, फोर्ट सम्टरसमोरूनसुद्धा. तोफांच्या टप्प्याबाहेर पडल्यावर दक्षिणेचा झेंडा उतरवला आणि पांढरी चादर चढवली. उत्तरेच्या नौदलाच्या हवाली बोट केली. वय २३.

बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपवतात आणि मला त्याचा फार राग येतो, कारण खरं पुढेच आहे. युद्धानंतर ब्यूफर्टला परत आला आणि ज्या मालकाच्या घराच्या मागच्या झोपडीत जन्मला होता तेच घर विकत घेतलं. ते प्रिन्स स्ट्रीटवर अजून उभं आहे. १८६८ ला राज्याची नवी घटना लिहायला जी सभा बसली तिच्यात हा होता, आणि सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण मिळावं यासाठी त्याने तिथे जोर लावला. स्वतः लिहायला-वाचायला मोठेपणी शिकलेला माणूस. मग राज्याच्या विधिमंडळात, मग १८७५ पासून काँग्रेसमध्ये, मध्ये मध्ये हरत, परत निवडून येत, एकूण पाच टर्म. १८७७ मध्ये लाच घेतल्याच्या आरोपाखाली शिक्षा झाली, १८७९ ला गव्हर्नरने माफी दिली. तेव्हा गोऱ्यांची सत्ता परत आली होती आणि काळ्या पुढाऱ्यांना एकेक करून बाजूला काढणं चालू होतं, त्यामुळे तो खटला त्या उजेडात वाचावा लागतो.

आणि १८९५. राज्याची घटना पुन्हा बदलायला सभा बसली, उद्देश उघड होता की काळ्या लोकांचं मत काढून घ्यायचं. शंभरावर गोरे सभासद आणि काळे मोजून सहा, त्यात हा. १८६८ ला जे उभं केलं तेच मोडताना समोर बसून बघायचं आणि तरी उठून बोलायचं. तिथे तो म्हणाला की माझ्या लोकांना वेगळ्या बचावाची गरज नाही, या देशातला त्यांचा इतिहासच सांगतो की ते कोणाहीपेक्षा कमी नाहीत, त्यांना फक्त आयुष्याच्या लढाईत बरोबरीची संधी हवी. नवी घटना अर्थातच पास झाली. नंतर ब्यूफर्ट बंदरात कस्टम्सचा कलेक्टर म्हणून बरीच वर्षं काम केलं, १९१५ ला त्याच घरात वारला. काकांना १८६८ आणि १८९५ या दोन सभा लागोपाठ वाचून दाखवा, बोटीची गोष्ट नंतर वाचली तरी चालेल असं माझं प्रामाणिक मत आहे.

अवांतर: जोतीरावांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली ते सगळ्यांना माहीत असतंच. त्याच वर्षी जोसेफ रेनी वॉशिंग्टनला हाऊसमध्ये बसत होता, तिथे निवडून गेलेला पहिला काळा माणूस. तोही जन्मतः गुलाम, वडील न्हावी, त्यांनी पैसे साठवून घरच्यांना सोडवलं. युद्धात पळून बर्म्युडाला गेला आणि तिथे न्हाव्याचं दुकान चालवलं. बाबांना हा धागा आवडेल बहुतेक.

नदीकाठ
@रानवाटा, तुमचा प्रतिसाद आत्ताच वाचून दाखवला. बाबा १८९५ च्या ठिकाणी थांबवून परत वाच म्हणाले. रेनीबद्दल अजून वाचायला नक्की आवडेल. @पारावरचा, सौंद यांचं पुस्तक शोधते. सौंद यांच्या बाबतीत १९४६ चा कायदा म्हणालात तो कोणी आणला? बाबांचा प्रश्न.

एडिसनकर
याचं उत्तर मी देतो कारण माझं इथे अमेरिकेत असणं त्या माणसाशी जोडलेलं आहे. इमॅन्युएल सेलर, ब्रुकलिनचा खासदार. आणि क्लेअर बूथ लूस, ती रिपब्लिकन, नाटककारसुद्धा होती. दोघांनी मिळून १९४६ चा कायदा आणला, भारतीयांना अमेरिकेत यायला वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा मिळाला पण नागरिकत्वाचं दार उघडलं, सौंद त्याच दाराने आत आले.

सेलरचं सगळं करिअर बघा. १९२३ ला हाऊसमध्ये आला, १९२४ ला जो कायदा झाला त्यात बाहेरून येणाऱ्यांसाठी देशांप्रमाणे कोटे ठरवले आणि आशियातल्या लोकांना जवळजवळ पूर्ण बंदी घातली. हा तेव्हा अगदी नवा, कोणी ओळखत नव्हतं, तरी उभा राहून विरोध केला. हरला. मग हा विषय सोडलाच नाही त्याने. ४१ वर्षांनी, १९६५ मध्ये, हाऊसच्या ज्युडिशियरी कमिटीचा अध्यक्ष असताना सिनेटर फिलिप हार्टबरोबर आणलेल्या कायद्याने ते कोटे रद्द झाले. आज न्यू जर्सीत, शिकागोत, बे एरियात जी मराठी मंडळं आहेत, गणपती बसतात, शनिवार-रविवारच्या मराठी शाळा भरतात, ती बहुतेक सगळी माणसं त्या कायद्यानंतर आलेली किंवा त्यांची मुलं. आमच्या ओळखीच्या शंभरातल्या नव्वदांना हे नाव माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण पूर्ण माणूस वाचायचा तर हेही वाचा की स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती त्याने स्वतःच्या कमिटीत वर्षानुवर्षं अडवून ठेवली. १९७२ च्या प्रायमरीत (उमेदवार ठरवायची पक्षातली निवडणूक) एलिझाबेथ हॉल्ट्झमन या तरुण वकिलीणबाईने त्याला हरवलं, तोवर हाऊसमध्ये जवळजवळ ५० वर्षं झाली होती त्याला. हा भाग वगळून सेलर सांगू नये.

मोगरा
बायका कोणीच सुचवल्या नाहीत अजून 🙂 जनेट रँकिन घ्या. मोंटाना, १९१६ ला हाऊसवर निवडून आली, तेव्हा देशातल्या बहुतेक बायकांना मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता. १९१७ ला पहिल्या महायुद्धात उतरण्याविरुद्ध मत दिलं, पुढच्या निवडणुकीत सिनेटला उभी राहिली, पडली. १९४० ला परत हाऊसवर आली आणि पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी जपानविरुद्ध युद्ध पुकारायला मतदान झालं, ३८८ विरुद्ध १, तो एक म्हणजे रँकिन. लोक इतके अंगावर आले की टेलिफोन बूथमध्ये जाऊन थांबावं लागलं, पोलिसांनी ऑफिसपर्यंत सोडलं. त्यानंतर राजकारणात परत येणं शक्यच नव्हतं. मग काय केलं? भारतात आली, एकदा नाही, अनेकदा, गांधीजींची पद्धत समजून घ्यायला. आणि १९६८ च्या जानेवारीत, वय ८७, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनला बायकांचा मोर्चा निघाला तो तिच्या नावाने, ती स्वतः पुढे चालत होती.
पर्ल हार्बरच्या वेळचं तिचं मत मला पटत नाही, पण परिणाम माहीत असताना दिलेलं मत आहे ते.

दुसरी पॅट्सी मिंक, हवाई. डॉक्टर व्हायचं होतं, मेडिकल कॉलेजांनी घेतलं नाही, वकील झाली, १९६५ ला काँग्रेसमध्ये. १९७२ चा जो कायदा आहे, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजात मुलींना डावलता येणार नाही असा, त्याच्यामागे ती होती. आज तो तिच्याच नावाने आहे.

दुपारचा_चहा
मी फक्त दोन छोटे सुचवतो. सुझॅना सॉल्टर, कॅन्ससमधलं अर्गोनिया गाव, १८८७. गावातल्या काही पुरुषांनी बायकांची चेष्टा करायची म्हणून तिला न विचारता तिचं नाव मतपत्रिकेवर टाकलं. तिला मतदानाच्या दिवशी कळलं, म्हणाली निवडून आले तर काम करीन, आणि आली, दोनतृतीयांश मतांनी. देशातली पहिली महिला नगराध्यक्ष, वय २७. एक वर्ष नीट कारभार केला आणि परत उभी राहिली नाही.

दुसरा जस्टिन मॉरिल, व्हर्माँट. लोहाराचा मुलगा, पंधराव्या वर्षी शाळा सुटली, कॉलेजात जायला पैसे नव्हते. १८६२ चा कायदा त्याचा, राज्यांना सरकारी जमिनी दिल्या, त्या विकून शेती आणि इंजिनिअरिंग शिकवणारी कॉलेजं काढायची. आधी १८५९ ला राष्ट्राध्यक्ष बुकॅननने व्हेटो केला होता, लिंकनने सही केली. पर्ड्यू, आयोवा स्टेट, टेक्सस ए अँड एम, आपली मुलं एमएस करायला जातात ती कितीतरी विद्यापीठं यातली.

रानवाटा
मॉरिल जरूर वाचा पण त्या ‘सरकारी जमिनी’ मूळ रहिवासी जमातींकडून तहाने, बळाने घेतलेल्या होत्या, हे सोबत वाचलंच पाहिजे. मॉरिलच्या चरित्रात ते शोधावं लागतं.

दुपारचा_चहा
सहमत. ते मी लिहायला हवं असं वाटत होतंच, बरं झालं तुम्ही लिहिलंत.

एडिसनकर
कुठे वाचायचं याबद्दल. काँग्रेसची स्वतःची चरित्रकोश साइट आहे, १७७४ पासूनच्या प्रत्येक सभासदाची नोंद आहे, फुकट. नोंदी तारखांच्या असतात, कोरड्या, पण शेवटी त्या माणसाची कागदपत्रं कोणत्या लायब्ररीत आहेत ते दिलेलं असतं. त्यापेक्षा हाऊसच्या इतिहास विभागाची साइट वाचून दाखवायला जास्त बरी. काळे सभासद, बायका, आशियाई वंशाचे अशा वेगवेगळ्या मालिका आहेत, स्मॉल्स, रेनी, रँकिन, मिंक, सौंद सगळे सापडतील, आणि सौंद यांचं शेवटचं आजारपणही तिथे आहे. एकेक चरित्र एका बैठकीत होतं. जुने पेपर बघायचे तर लायब्ररी ऑफ काँग्रेसचा स्कॅन केलेला संग्रह आहे, तिथे स्मॉल्सवर त्याच्या विरोधकांनी काय लिहिलं तेही मिळतं, ते वाचताना त्रास होतो पण वाचावं.

नदीकाठ
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. बाबांनी क्रम लावलाय: स्मॉल्स, मग रेनी, मग सेलर, आणि सौंद यांचं पुस्तक मिळालं की मध्येच ते. रँकिनबाईंच्या मतावर आमचं आत्ताच वाजलंय, ते म्हणतात बरोबर केलं. अजून एक विचारते, गव्हर्नर लोकांचं असं एकत्र कुठे मिळतं का? काँग्रेसच्या साइटवर ते नसणार ना.

एडिसनकर
नसतात. गव्हर्नरांच्या संघटनेच्या साइटवर माजी गव्हर्नरांची राज्यवार छोटी चरित्रं आहेत, तिथून नाव निवडायचं आणि मग त्या राज्याच्या हिस्टॉरिकल सोसायटीच्या साइटवर जायचं. कॅन्सस आणि मिनेसोटाच्या फार चांगल्या आहेत, त्यांपासून सुरू करा.