बेबेल जिल्बेर्तो यांचा 'जोआओ' हा अल्बम कसा ऐकावा?

मंद्रसप्तक (प्रश्न) :
बोसा नोव्हा या ब्राझीलमधल्या हळुवार गानशैलीशी माझी ओळख 'गेट्झ/जिल्बेर्तो' या १९६४ च्या ध्वनिमुद्रिकेमुळे झाली आणि तेव्हापासून त्या शैलीतले गायक-गिटारवादक जोआओ जिल्बेर्तो यांचे जे मिळेल ते मी ऐकत आलो आहे. त्यांच्या कन्या बेबेल यांनी वडिलांच्या संग्रहातली गाणी घेऊन केलेला 'जोआओ' हा अल्बम ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आई मिउशा गायिका आणि मामा शिकू बुआर्की ब्राझीलमधले थोर गीतकार-गायक, म्हणजे घरातच गाणे. त्यामुळे मी फार अपेक्षेने ऐकायला बसलो होतो. आवाज मुलायम आहे, साथसंगत नेटकी आहे. परंतु वडिलांचे गाणे ऐकताना जो अधांतरी झुलल्याचा अनुभव येतो, तो मला इथे आला नाही. माझे ऐकणे कमी पडते आहे, की तो गुण या अल्बममध्ये नाहीच? जाणकारांनी कृपया सांगावे.

सहातारी :
आपले ऐकणे कमी पडत नाही. तो गुण इथे नाहीच, आणि त्याचे कारण गिटार धरलेल्या हातात आहे. जोआओंचा अंगठा खर्जाच्या तारांवर साम्बा या ब्राझीलच्या नृत्यसंगीतातल्या सुर्दो ढोलासारखा संथ, सारख्या अंतराने ठोका देतो. त्याच वेळी उरलेली बोटे वरच्या तारा एकदम खेचतात, पण ती त्या ठोक्यावर न पडता किंचित आधी किंवा दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत पडतात. त्यावर ते गाण्याची तिसरी चाल ठेवत. शब्द ठोक्याच्या पुढे काढत, नाहीतर मागे रेंगाळू देत आणि ओळ संपता संपता तालाला येऊन मिळत. मी काही वर्षे याचा रियाज करतो आहे. हात बसला असे वाटते, पण गायला तोंड उघडले की अंगठा बोटांच्या मागे धावू लागतो.

हा फरक कळण्यासाठी 'शेगा जी साउदाजी' हे संगीतकार जोबिम यांचे गाणे १९५८ च्या दोन ध्वनिमुद्रणांत लागोपाठ ऐकावे. एक गायिका एलिझेची कार्दोझू यांचे, ज्यात गिटार जोआओंचीच आहे, आणि दुसरे स्वतः जोआओंचे, जेमतेम दोन मिनिटांचे. गिटारवरचा हात तोच, पण पहिल्यात गळा दुसऱ्याचा असल्यामुळे ती ओढाताण होत नाही. बेबेल यांच्या अल्बममध्येही गळा एकाचा आणि हात दुसऱ्याचे आहेत.

पागोळी :
सहातारी यांचे विवेचन पटले, तरी बेबेल यांना त्या एका कसोटीवर तोलणे मला अन्यायाचे वाटते. २००० साली आलेल्या 'तांतो तेंपो'मध्ये त्यांनी बोसा नोव्हा इलेक्ट्रॉनिक ध्वनींच्या संगतीत नेऊन बसवला आणि एक नवी पिढी या गाण्याकडे वळवली. त्या अल्बमचे निर्माते सुबा मात्र तो प्रसिद्ध होण्याआधीच, नोव्हेंबर १९९९ मध्ये, घराला लागलेल्या आगीनंतर वारले. त्यानंतर बेबेल आपल्याच वाटेने चालत राहिल्या. डिसेंबर २०१८ मध्ये आई गेली, जुलै २०१९ मध्ये वडील गेले आणि त्यानंतरच हा अल्बम आला. मागे राहिलेल्या मुलीने म्हटलेली ही गाणी आहेत, एवढे लक्षात ठेवून ऐकले तर तो मंद, किंचित घोगरा आवाज पुरेसा वाटतो.

मांडवीकाठ :
आधी एक उच्चाराची गोष्ट. हे नाव 'जोआओ' नसून 'जुआंव'च्या जवळ जाणारे आहे. आमच्या गोव्यात २४ जूनला विहिरींत उड्या घेऊन साजरा होणारा 'सांजांव' याच नावाच्या संताचा.

आता मूळ मुद्दा. या अल्बममधले 'व्हाल्सा' सर्वांत आधी ऐकावे. जुआंव यांनी ते १९७३ च्या ध्वनिमुद्रिकेत बेबेलसाठी केले होते आणि तेव्हा ही मुलगी सहा-सात वर्षांची होती. ते वॉल्ट्झ आहे, तीन मात्रांचे, ओठांतल्या ओठांत गुणगुणल्यासारखे.

सहातारी :
मांडवीकाठ यांचे आभार. तीन मात्रांच्या चालीत साम्बाचा तो ठोकाच नाही, त्यामुळे मी वर मांडलेली तक्रार 'व्हाल्सा'ला लागूच होत नाही. लहान मुलीसाठी केलेले गाणे पन्नास वर्षांनी तीच मुलगी परत म्हणते आहे, हे कानांना सरळ पोहोचते.

मंद्रसप्तक, आपण दोन्ही 'व्हाल्सा' ऐकून झाल्यावर १९७३ ची ती ध्वनिमुद्रिका पूर्ण ऐका. त्यात जुआंव यांचा गळा, गिटार आणि हलका ताल यांखेरीज जवळजवळ काहीच नाही. फक्त 'इझाउरा' या गाण्यात एक स्त्रीस्वर येऊन मिळतो. तो मिउशा यांचा आहे.