पावसाळ्यात राहायला परवडणारा, सुरक्षित, उबदार देश कोणता? ह्यांच्या दम्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं गुहागर तालुक्यात राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, वय ६१. हे ६६ वर्षांचे, मुंबईत खासगी कंपनीत होते. मी इथे, हे तिकडे, अशी तीस वर्षं काढली आणि आता कुठे एका घरात राहतोय. माझी पेन्शन हातात ५५ हजारांच्या आसपास येते. ह्यांना पेन्शन नाही, फंडाचे पैसे आहेत. पस्तीस-चाळीस हापूसची कलमं, थोडा काजू. लेक सिंगापूरला.

प्रश्न ह्यांच्या दम्याचा आहे. ऑक्टोबर ते मे हे अगदी ठीक असतात, कलमांखालून फेरी मारून येतात, इन्हेलर दिवसातून एकदा पुरतो. मृग लागला की उलटं सुरू होतं. घर जुनं, मातीच्या भिंती. जुलैत माजघराच्या भिंतीवर हिरवट बुरशी धरते, उशीचे अभ्रे तव्यावर शेकून घ्यावे लागतात, कपाटातल्या कपड्यांना वास येतो. डॉक्टरांनी तपासण्या करून स्पष्ट सांगितलं की बुरशीची अॅलर्जी आहे आणि ओल टाळणं हेच खरं औषध. रंग काढला, भिंतींना गिलावा करून झाला, ओल शोषणारं यंत्र आणलं. लाईट असेपर्यंत ते चालतं.

२२ जुलै २०२१ ही तारीख मी विसरू शकत नाही. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं होतं, आणि ह्यांना जोराचा अटॅक आला. आम्ही एरवी चिपळूणलाच नेतो, पंचेचाळीस किलोमीटर. जिथे न्यायचं तेच पाण्यात. लाईट आदल्या दिवसापासून नव्हती, नेब्युलायझर इन्व्हर्टरवर चालू होता, पहाटे तीनला बॅटरी उतरली. शेजारच्या मुलाने भर पावसात आपल्या टेम्पोची बॅटरी काढून आणली आणि आमच्या इन्व्हर्टरला जोडली. गावातल्या डॉक्टरांनी येऊन इंजेक्शन दिलं. त्या दोघांमुळे हे आज आहेत. पण दरवर्षी जून जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून निवृत्तीनंतर बाहेरच्या देशात राहता येईल का, याचा वर्षभर अभ्यास करते आहे. जे वाचलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा.

थायलंड सगळे सुचवतात. ५० वर्षांपुढच्यांना निवृत्तीचा व्हिसा मिळतो. त्यासाठी तिथल्या बँकेत ८ लाख बाट ठेवायचे, किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवायचं. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो. पैसे एक वेळ जमवू, पण पावसाळा तिथेही मे ते ऑक्टोबर, म्हणजे आपलाच. त्यातल्या त्यात हुआ हिनला पाऊस कमी. स्वस्ताई आणि थंड हवेसाठी चियांग माईचं नाव येतं, तिथे फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर शहरावर बसून राहतो. दमेकऱ्याला तिथे नेणं मला पटत नाही.

मलेशियाचा एमएमटूएच (परदेशी लोकांना तिथे दीर्घकाळ राहू देणारी योजना) आता आमच्या आवाक्यात नाही. सिल्व्हर गटाला दीड लाख अमेरिकी डॉलरची ठेव आणि ६ लाख रिंगिटचं घर घ्यावं लागतं. शिवाय सुमात्रातल्या वणव्यांचा धूर पिनांगपर्यंत येतो. २०१५ आणि २०१९ साली तर मलेशियात शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. हाच धूर सिंगापूरलाही जातो. तिथे लेकीकडे कायम राहायचं, तर आईवडिलांच्या दीर्घ मुदतीच्या पाससाठी तिचा पगार महिना १२ हजार सिंगापूर डॉलर हवा. तेवढा नाही, आणि तिच्यावर ते ओझं टाकायचंही नाही.

श्रीलंकेचा पूर्व किनारा मला खरंच आवडला होता. त्रिंकोमालीला पाऊस ऑक्टोबरनंतर पडतो, आपल्या पावसाळ्यात तिथे कडकडीत ऊन. पण विमान उतरतं कोलंबोला आणि पुढे सहा-सात तासांचा रस्ता. मोठ्या इस्पितळापासून तेवढंच लांब राहायचं, तर गुहागर काय वाईट? बालीतही हे महिने कोरडे असतात, पण विमानतळावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा आणि एकदाच ३० दिवस वाढतो.

हे सगळं वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. आम्हाला देश सोडायचा नाहीये. आम्हाला फक्त चार महिन्यांची ओल सोडायची आहे. कलमांना मोहोर येतो तेव्हा फवारणीला मालक लागतो, आणि गणपती घरचाच हवा, तो बंद दाराआड ठेवून जाता येणार नाही. वर्षात १८२ दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलो तर अनिवासी ठरण्याचा प्रश्न येतो, मग बँकेची खाती एनआरओ (अनिवासी भारतीयांची) करा, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवीन पैसे घालता येत नाहीत. तीन महिन्यांत यातलं काहीच येत नाही, आणि नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याला मी इथेच असते.

तेव्हा माझं बोट आता मॉरिशसवर आहे. जून ते सप्टेंबर तिथला हिवाळा, पण किनाऱ्यावर दिवसा २४-२५ अंश, म्हणजे आपल्या जानेवारीच्या सकाळीसारखं. चक्रीवादळांचे महिने नोव्हेंबर ते एप्रिल, तेव्हा आम्ही नसू. (३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडाकडे काय करून ठेवलं ते जवळून पाहिलंय, त्यामुळे हे मी आधी तपासलं.) भारतीय पासपोर्टला पर्यटक म्हणून व्हिसा लागत नाही, मुंबईहून थेट विमान सहा तासांचं. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवतात. १८३४ पासून मजूर म्हणून जे लोक गलबतांतून गेले, त्यांत आपल्या रत्नागिरी-सावंतवाडीकडचेही होते. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथे ते उतरले, तो मला डोळ्यांनी पाहायचा आहे. पण हे झालं माझ्या मनाचं. निर्णय ह्यांच्या छातीवर घ्यायचा आहे.

खर्च विमानासकट वर्षाला साडेपाच-सहा लाखांपर्यंत झेपेल. तिथे दीर्घकाळ राहण्याचा निवृत्तीचा परवाना नको आहे, कारण त्यासाठी दरमहा बाहेरून आणायची रक्कम रुपयांत लाखाच्या वर जाते.

कुणी आईवडिलांना असं दोन-तीन महिन्यांसाठी नेलं आहे का? कृपया अनुभव सांगा.

भर (दुसऱ्या दिवशी)

इतक्या जणांनी आपुलकीने लिहिलंत, सगळ्यांचे मनापासून आभार.

बऱ्याच जणांनी विचारलं की परदेश कशाला, घाट चढून देशावर जा. केलं आहे. दोन वर्षांपूर्वी जुलैत तीन आठवडे मिरजेला भावाकडे राहिलो. इस्पितळं दहा मिनिटांवर, भिंती कोरड्या, पहिले आठ दिवस हे शांत झोपले. मग गाजरगवत फुललं. शिंका, डोळे लाल, पुन्हा नेब्युलायझर. पावसाळ्यात ते गवत देशावर सगळीकडे माजतं, त्यामुळे तो मार्ग आमच्यासाठी बंद झाला.

एका ताईंनी मॉरिशसमधल्या व्हाक्वाला राहा, तिथे मराठी घरं आहेत, असं सुचवलं. मीही आधी तेच धरून चालले होते. पण नकाशा पाहिल्यावर कळलं की व्हाक्वा आणि क्युरपिप हा मधला उंच भाग, तिथे हिवाळ्यातही ढग आणि भुरभुर पाऊस असतो. आग्नेयेचे वारे डोंगराला अडतात आणि पाऊस तिथेच सांडतात, आपल्या सह्याद्रीसारखं. पश्चिमेकडचा फ्लिक-आं-फ्लाकचा किनारा आडोशाला, म्हणून कोरडा. तर राहणं पश्चिमेला, आणि व्हाक्वाला भेटीगाठी, असं ठरवते आहे.

विम्याबद्दल ज्यांनी लिहिलं त्यांचं अगदी बरोबर. इथला मेडिक्लेम बाहेर चालत नाही. प्रवास विम्यात आधीपासूनचा आजार बहुतेक वेळा वगळलेला, किंवा जीवावर बेतलं तरच धरलेला असतो. मी दम्याची नोंद लपवणार नाही. त्यासाठी दीड लाख वेगळे काढून ठेवले आहेत.

घराचं असं ठरलंय: टेम्पोवाला मुलगा दर दोन दिवसांनी दारं उघडून माजघरात शेगडी पेटवेल, कौलं बघेल. कलमांचं खत जूनच्या पहिल्या आठवड्यात घालूनच निघायचं. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत, म्हणजे १० जूनला जाऊन ५ सप्टेंबरला परत येता येतं. निघण्याआधीच पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, पोचवून ठेवीन. पुढच्या वर्षी गणपती ४ सप्टेंबरला, तेव्हा आठवडाभर आधी निघावं लागेल.

आता नेमके प्रश्न उरलेत, आणि ते तिथे राहिलेल्यांनाच विचारते.

फ्लिक-आं-फ्लाकला तळमजल्यावरच्या खोल्यांत ऑगस्टमध्ये ओल येते का? समुद्राला अगदी लागून घेण्यापेक्षा आत घेतलेलं बरं का? दोघांपुरती स्वयंपाकघर असलेली जागा तीन महिन्यांसाठी एकदम घेतली तर भाडं किती पडतं?

रात्री-अपरात्री ॲम्ब्युलन्स किती वेळात येते, आणि जवळचं चांगलं इस्पितळ कोणतं?

तीन महिन्यांचे इन्हेलर बरोबर नेताना डॉक्टरांची चिठ्ठी पुरते, की विमानतळावर आणखी काही विचारतात? वीज २३० व्होल्टची आहे हे वाचलं, त्यामुळे नेब्युलायझर चालेल, पण प्लगच्या पिना वेगळ्या असतात का, अडॅप्टर इथूनच घेऊ?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुठेच नीट सापडलं नाही. तिथे ऊसतोड जून ते डिसेंबर चालते, म्हणजे नेमकी आम्ही असू तेव्हा. तोडीआधी उसाचा पाला पेटवतात का, आणि पेटवला तर तो धूर पश्चिमेच्या किनाऱ्यावर येतो का? घराला लागून उसाची शेती असेल तर ती जागा मी घेणारच नाही. जे तिथे जून-जुलैत राहिलेत त्यांनी फक्त एवढं सांगितलं तरी चालेल, कारण तिकिटं मला एप्रिलअखेरपर्यंत काढायची आहेत.