पिंक फ्लॉइडचा सर्वोत्तम अल्बम कोणता? कोकणातल्या ऐकणाऱ्यांनी अनुभव लिहा

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडवर वाद घालायला मुंबई-पुण्यात माणसं मिळतात. आपल्याकडे रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत ऐकणारे आहेत, पण विखुरलेले. शेजारच्या वाडीतला माणूस ऐकतो हेही कळत नाही. म्हणून हा धागा. १९६७ ते २०१४ मध्ये बँडचे १५ स्टुडिओ अल्बम आले. त्यातला तुमचा एक नंबरचा कोणता, तो तुमच्यापर्यंत पोचला कसा आणि तोच का, एवढं लिहा. अट एकच, अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत आणि त्याच क्रमाने ऐकलेला हवा. रील्सवर तुकडा ऐकून मत देऊ नका. गाणी लिहिणारा वॉटर्स मोठा की गिटारवाला गिलमोर, हे भांडण शक्यतो नको. (येणारच आहे, तरी आपलं सांगून ठेवलं.)

सुरुवात मीच करतो.

देवगड
घरची कलमं, आणि हौस म्हणून तबला. माझं मत ‘द डार्क साइड ऑफ द मून’ला, १९७३. गिरगावातल्या मामाने एलपीवरून टेप करून दिलेली कॅसेट होती. कॅसेटचं बरं असं की बाजू संपली की उठावं लागतं, आणि या अल्बममध्ये ते उठणं अगदी योग्य जागी येतं. पहिली बाजू क्लेअर टॉरीच्या आवाजावर संपते. शब्द एक नाही. आलाप म्हणा, आक्रोश म्हणा. त्या गाण्याचे तिला ३० पौंड मिळाले होते. रचनेच्या श्रेयात नाव लागायला पुढे दावा आणि २००५ ची तडजोड व्हावी लागली.

कॅसेट उलटली की ‘मनी’ गाणं, गल्ल्याचा खणखणाट, नाणी, फाटणारा कागद. टेपचे तुकडे मोजून कापले, जोडले आणि गोल फिरवत वाजवले, असा तो ठेका झालेला. मात्रा सात! मी मांडीवर रूपक धरला आणि तो चपखल बसला. गिटारचा सोलो आला की मात्र मंडळी चाराच्या ठेक्यावर येतात, सोलो संपला की पुन्हा सात. हे ज्यांनी बसवलं त्यांना लय कळते, बाकी कोणी काहीही म्हणो.

मिरकरवाडा, रत्नागिरी
मी ‘मेडल’वाला, १९७१. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, जाळी तुणायला काढलेली, बाहेर पाऊस. तेवीस मिनिटांचं गाणं ऐकायची सवड तेव्हाच मिळते. ‘एकोज’ने अख्खी दुसरी बाजू व्यापली आहे. सुरुवातीला एकच ‘टिंग’, मग थांबून पुन्हा ‘टिंग’. शेजारी जाळं शिवत बसलेल्या तांडेलाने मान वर न करता विचारलं, “फिशफाइंडर चालू ऱ्हायला काय रे?” बँडच्या कीबोर्डवाल्या राइटने पियानोचा एक सूर फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला आहे, तो हा.

मधे ठेका विरून जातो आणि किंचाळ्या सुरू होतात. कुरव पक्षी वाटतात, पण ती गिलमोरची गिटार आहे, वा-वा पेडलच्या वायर उलट जोडून वाजवलेली. तांडेलाला हा भाग मुळीच रुचला नाही. रात्री भर दर्यात वाऱ्याचा असाच आवाज येतो म्हणे, आणि तो घरी बसून कशाला ऐकायचा? मला नेमकं तेच हवं असतं.

पहिल्या बाजूला दोनेक गाणी भरतीची आहेत, आणि ज्यात कुत्रा ओरडतो ती तर निव्वळ थट्टा. कबूल. पण देवगडकर, लांब पल्ल्याचं गाणं कुठे थांबवायचं आणि कुठे उचलायचं हे बँड इथे शिकला. तुमचा ‘डार्क साइड’ त्यावर उभा आहे.

कुडाळ
माका इंग्रजी फारसा समाजना नाय, ता आदीच सांगतंय. मी भजनात पेटी वाजवतंय. चुलतभाव जहाजार होतो, तेणा ‘विश यू वेअर हिअर’ हाडल्यान, १९७५ ची. पयल्या गाण्यात आठ मिन्टां झाली तरी कोण तोंड उघडणा नाय! नुसतो सूर धरून ठेवलेलो, मगे गिटारीचे चार सूर. चारच. डबलबारीत बुवान असा केल्यान तर लोक उठान चाय पिऊक जातीत. हय मात्र उठाक होयत नाय.

ता गाणा सिड बॅरेटार आसा, बँडचो पयलो म्होरक्यो, जो मनान खचलो आणि बाजूक पडलो. १९७५ च्या जून म्हयन्यात रेकॉर्डिंग चालू आसताना तो आपणच स्टुडिओत येवन बसलो. डोक्याचे केस आणि भुवयो भादरलेल्यो, आंगान सुटलेलो. दोस्तांनी तेका वळखूकच नाय. ह्या माका भाच्यान वाचून दाखवल्यान, तेच्यानंतर मी सगळा परत पयल्यापासून लावलंय.

आणि एक. तुमी सगळे वॉटर्स-गिलमोर, वॉटर्स-गिलमोर करतास. रिचर्ड राइटाक कोण इचारणा नाय. पेटयेवालो नसतो तर ह्ये दोघे कोणाच्या सुरार उभे रवले असते? शेवटचो भाग आयका, तो तेचोच आसा. संपता संपता सिडच्या जुन्या गाण्याची चाल हळूच घालता आणि गप रवता.

चिपळूण
‘ॲनिमल्स’, १९७७. वाद संपला.

आता अनुभव. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा वडिलांच्या एलपी तळमजल्यावर होत्या. पाणी ओसरलं तेव्हा कव्हरांचा लगदा झालेला. त्यावरचं लंडनच्या बॅटरसीचं वीजकेंद्र, त्याच्या चिमण्यांमध्ये तरंगणारं डुक्कर, सगळं चिखलात मिसळलेलं. अशा वेळी लोक तबकड्याही फेकून देतात. फेकू नका, विनाइलला पाण्याने काही होत नाही. नळाची बारीक धार धरायची, भांड्यांचा साबण अगदी पातळ करून घ्यायचा आणि मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने गोल पुसत जायचं. आडवं पुसलंत की रेती खाच ओरबाडते. मधलं कागदी लेबल कोरडं ठेवायचं. आमचं आधीच फुगून वर आलं होतं, ते वाळल्यावर तळहाताने दाबून बसवलं. मग तबकडी पंख्याखाली उभी करून ठेवायची. वीज आल्यावर ‘डॉग्ज’ लावलं. सतरा मिनिटं. मधे थोडी खरखर, बाकी लख्ख.

कव्हरची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. फोटोसाठी आणलेला डुकराचा फुगा डिसेंबर १९७६ मध्ये दोर तुटून उडाला, विमानांच्या वाटेत शिरला आणि शेवटी केंटमधल्या एका शेतावर जाऊन उतरला.

सर्वोत्तम का? कारण हा अल्बम कुणाला बरं वाटावं म्हणून केलेला नाही. लचके तोडणारे कुत्रे, उपदेश करणारी डुकरं आणि खाली मान घालून मागे जाणारी मेंढरं, यातलं आपण कोण ते ज्याने त्याने बघावं. ‘डार्क साइड’ मला फार गुळगुळीत वाटतो. महामार्गावर परशुराम घाटात अडकून पडलात की ‘शीप’ लावा, मग बोलू.

देवगड
गुळगुळीत? ॲबी रोड स्टुडिओतला ॲलन पार्सन्ससारखा साउंड इंजिनिअर जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक घड्याळ वेगवेगळं टेप करतो, त्याला तुम्ही गुळगुळीत म्हणता? बरं, चालू द्या.

गुहागर
शाळेत शिकवतो, त्यामुळे ‘द वॉल’चं नाव मी घेतलं की घरचे हसतात. १९७९ चा दुहेरी अल्बम. लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतल्या मुलांनी मास्तरांविरुद्ध जे कोरस गायलं, ते आमची नववीची पोरं सहलीच्या एसटीत माझ्याकडे बघून म्हणतात. म्हणोत बापडी. माझं मत मात्र ‘द वॉल’ला नाही. चारपैकी दीड बाजू गोष्ट पुढे ढकलण्यात जाते, गाणं तिथे नसतं. कुडाळच्या पेटीवाल्यांसाठी एक माहिती देतो. याच अल्बमच्या वेळी वॉटर्सने राइटला बँडबाहेर काढलं आणि मग दौऱ्यावर पगारी वादक म्हणून घेतलं. दौरा तोट्यात गेला. पैसे सुटले ते एकट्या राइटला!

मत ‘विश यू वेअर हिअर’ला.

वेंगुर्ला
मला हसा, पण ‘द डिव्हिजन बेल’, १९९४. माझ्या वयाच्या मुलींना फ्लॉइड तिथूनच भेटला, दादाच्या सीडीवर. वॉटर्स नाही म्हणून लोक तो धड ऐकतच नाहीत. शेवटच्या गाण्यातली घंटा आणि त्यावरची गिलमोरची स्लाइड गिटार एकदा नीट ऐका. एका गाण्यात स्टीफन हॉकिंगचा यंत्रातला आवाज आहे, तो ऐकून माझ्या आजीने “हा माणूस आजारी आहे का?” असं विचारलं होतं. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

चिपळूण
हसलो नाही. पण पहिल्या पाचात नाही.

दापोली
जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. सेलवर चालणारा टेप होता, आणि माळ्यावरच्या खोक्यात फ्लॉइडची एकच कॅसेट धड राहिलेली, ‘द फायनल कट’, १९८३. अंगणात आडवी झालेली सुपारी तोडत दिवसभर तीच ऐकली. वॉटर्सचा बाप १९४४ मध्ये आन्झिओच्या लढाईत मारला गेला. त्याचं दुःख आणि फॉकलंडच्या युद्धाचा राग या अल्बममध्ये भरून आहे. शब्द उत्तम. पण इतका पाठ होऊनही मी त्याला पहिला नंबर देणार नाही. त्यात राइट नाही, आणि ती पोकळी दर गाण्यात कळते. वॉटर्स बोलत राहतो, मागे सूर धरायला कोणी नाही. कुडाळकरांचं म्हणणं मला याच अल्बमने पटवलं.

‘ॲनिमल्स’ सलग ऐकलेला नाही, त्यामुळे मत राखून ठेवतो. दापोली-हर्णै बाजूला कोणाकडे कॅसेट असेल तर सांगा, येऊन घेऊन जाईन. टेप अजून चालू आहे.