मदत हवी आहे : टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही विहिरीत क्लोरीन टिकत नाही

नमस्कार. मी कळव्याला राहते, माहेर शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर. भातसा, तानसा आमच्याच तालुक्यात, ते पाणी मुंबईला जातं आणि पाडा अजून एका उघड्या विहिरीवर. पहिला पाऊस पडला की घरोघरी जुलाब. यंदा भावाच्या धाकटीला सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून मी दर रविवारी जाते.

आशाताईंनी एचटूएसची (पाण्यात मैल्याचे जंतू आहेत का ते दाखवणारी) बाटली भरून ठेवली होती, दुसऱ्या दिवशी पाणी काळंकुट्ट. म्हणजे कुठून तरी मैला झिरपतोय. टीसीएल आजवर मूठभर, अंदाजानेच पडायची. मी दोरीने विहीर मोजली : व्यास 4 मीटर, पाणी 3 मीटर, म्हणजे साधारण 37,700 लिटर. हजार लिटरला 2.5 ग्रॅम धरले तर 94 ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला आणि वरची निवळी विहिरीत सोडली. तासाभराने ओटी टेस्टला (क्लोरीन असला की पाणी पिवळं होतं) छान पिवळा रंग आला. सकाळी बघितलं तर काहीच नाही! निदान लिटरला 0.2 मिलिग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक हवा ना?

गढूळ पाणीच तो खाऊन टाकतं का? की पावडरच मेली आहे? गोणी तोंड उघडी, ओलीत पडलेली होती. रोज संध्याकाळी, शेवटचा हंडा भरून झाल्यावर टाकली तर रात्रभर काम करेल का? वाळू आणि टीसीएल भरलेल्या दुहेरी मडक्याबद्दल (विहिरीत सोडलं की हळूहळू क्लोरीन सुटत राहतो) वाचलं, पण ते साडेचार हजार लिटरच्या घरगुती विहिरीसाठी असतं. मोठ्या विहिरीत कोणी सोडलंय का? किती मडकी लागली?

विहिरीचा ओटा फुटलाय, बायका तिथेच कपडे धुतात आणि एक शोषखड्डा जेमतेम दहा पावलांवर आहे. ते मुळापासून नीट करायला हवंच, ग्रामसभेत विषय मांडणार आहे. पण त्याला वेळ लागेल, पोरं आज पाणी पितायत. उकळून प्या म्हणायला मला जीभ रेटत नाही, पावसात सरपणच ओलं असतं.

सगळ्यात जास्त काळजी काकूची. पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून ती आता ओहोळाचं पाणी आणते, आणि तिचं बघून आणखी दोन घरं. तुमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना कसं पटवलंत?

रविवारी परत जाणार आहे. मडकी शनिवारी इथूनच घेऊन जाऊ का, एवढं तरी कोणी सांगा.